बंद म्हणजे निरंक नव्हे

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, हिच्या नाकावरच्या रागावर एकदा औषध फवारून घ्या. म्हणू देत. एकोणीस वर्षं मी आरोग्य खात्यात डासांच्या अळ्या शोधायचं काम करते, आणि हे काम गोड बोलून होत नाही. लोकांच्या घरात शिरायचं, पिंपाचं झाकण उचलायचं, आत टॉर्च मारायचा. अळी वळवळताना दिसली की पाणी कोरड्या जमिनीवर ओतायला लावायचं आणि पिंप आतून खसाखसा घासायला लावायचं, कारण अंडी काठाला चिकटून बसतात. "अहो, पाणी तर स्वच्छ आहे!" असं प्रत्येक घरात ऐकायचं. स्वच्छ आहे म्हणूनच तर डेंग्यूचा डास तिथं येतो, हे प्रत्येक घरात सांगायचं. तीन गल्ल्या, चारशे बारा जागा, एवढा माझा भाग. लोक मला टॉर्चबाई म्हणतात.

त्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. हे साहेब चार महिन्यांपूर्वी आलेले. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीचा तक्ता करणारा, म्हणून आम्ही बायका त्यांना मागून तक्तेसाहेब म्हणायचो. त्यांनी माझ्यापुढे एक यादी सरकवली.

"बाई, तुमच्या भागात बारा दिवसांत डेंग्यूचे अकरा रुग्ण."

यादी खरीच होती. डेंग्यूचा रुग्ण सापडला की डॉक्टरांनी चोवीस तासांत खात्याला कळवायचं, असा नियमच आहे. अकराही नावं माझ्या ओळखीची निघाली.

"आणि तुमचा अहवाल काय सांगतो?" साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "चारशे बारा जागा तपासल्या, चारशे बाराही निरंक. मग हे डास काय बसनं आले?"

निरंक म्हणजे आमच्या कागदी भाषेत 'काही आढळलं नाही'. मी पडद्यावर खालपर्यंत पाहिलं. निरंक, निरंक, निरंक. वर माझं नाव.

"साहेब, हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तुमचं आहे."

"नाव माझं असेल, पण एवढं निरंक माझ्या बापजन्मात मी लिहिलेलं नाही!"

आवाज जरा चढला, बाहेरचा शिपाई डोकावून गेला. साहेब मात्र शांत. त्यांनी मला टाइप केलेली नोटीस दिली. घरं न पाहता खोटा अहवाल दिला, शुक्रवारी सकाळी अकराला वरिष्ठांसमोर खुलासा करावा, खुलासा पटला नाही तर सेवेतून कमी करण्यात येईल. मी सही केली आणि खोलीबाहेर आले. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला. एकोणीस वर्षांत मला कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस खोटारडी म्हणाला होता.

कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि मुरणारं पाणी शोधणं हाच माझा धंदा. मी थेट तळमजल्यावर गेले. तिथं आमच्या वह्या संगणकात उतरवणारी एक ताई बसते. दिवसभर बोटं चालू, म्हणून तिचं नाव टकटकताई. तिच्यापुढे मी माझी वही आपटली.

"हे बघ. माझ्या वहीत एकतीस जागांपुढे 'बं' लिहिलंय. बं म्हणजे बंद. कुलूप होतं, मी आत गेले नाही. तू निरंक कुठून आणलंस गं?"

टकटकताईचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, बंद टाकायला जागाच नाही. नवीन पद्धतीत दोनच पर्याय आहेत. 'आढळल्या' आणि 'निरंक'. रकाना मोकळा ठेवला की लाल होतो आणि पुढचं पान उघडत नाही. मी वर विचारलं होतं. ते म्हणाले, बंद घरात अळ्या आढळल्या का? नाही ना? मग निरंक."

कुलूप लावलेलं घर म्हणजे डास नसलेलं घर! उद्या दातखिळी बसलेल्या माणसालाही म्हणतील, याची काही तक्रार नाही.

"आणि माझे अर्ज?" मी विचारलं. कुठली जागा तीनदा बंद सापडली की दारावर नोटीस लावायची आणि चोवीस तासांनी पंचांसमोर कुलूप उघडायचं, असा नियम आहे. त्यासाठी मी अर्ज दिले होते.

ती हळूच म्हणाली, "जागा निरंक दिसली की अर्ज आपोआप निकाली निघतो, मावशी."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण टकटकताई रडायला लागली तेव्हा मीच तिला पाणी दिलं. तिचा काय दोष? चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची हौस मला नाही.

वही घेऊन मी पुन्हा वर गेले. वाटलं, झालं आपलं काम. साहेबांनी वही पान न पान पाहिली आणि म्हणाले, "ठीक आहे, खोटं तुम्ही लिहिलं नाही. पण एकतीस जागा तुम्ही पाहिल्याही नाहीत. बाई, अकरा माणसं आजारी आहेत, उद्या बारा होतील. डास नेमका कुठून येतोय ते मला दाखवा. शुक्रवारच्या आत दाखवलंत तर नोटीस मी मागे घेतो. नाही दाखवलंत तर वरच्यांना ही वही पुरणार नाही."

राग आला, पण बोलणं खोटं नव्हतं. मी वही बरोबर ठेवली होती म्हणून कुणाचा ताप उतरणार नव्हता.

घरी आल्यावर मी भांडी जरा जोरातच लावत होते. हे म्हणाले, "कुठला डास चावला?"

"साहेब नावाचा."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "एकतीस जागांची एकतीस कुलुपं तीन दिवसांत तुला कोण उघडून देणार? एकच कुलूप निवड."

एकच निवड, म्हणे! सांगायला काय जातंय? पण माणूस बोलला ते शहाणपणाचं होतं, हे कबूल करायला मला रात्रीचं जेवण होईपर्यंत वेळ लागला.

मंगळवारी सकाळी निघाले. साहेबांच्या भिंतीवर नकाशा होता, त्यावर रुग्णांच्या घरांवर लाल टाचण्या. टाचण्या तिन्ही गल्ल्यांत विखुरलेल्या, त्यातून काही कळत नव्हतं. कसं कळणार? माणूस घरी असतो रात्री, आणि हा डास चावतो दिवसा. हे मी एकोणीस वर्षं लोकांना सांगतेय आणि आमच्याच भिंतीवर टाचण्या अंथरुणांवर टोचलेल्या! मी ठरवलं, एकेका रुग्णाला एवढंच विचारायचं, की ताप यायच्या आधीच्या आठवड्यात दिवसा तुम्ही कुठं कुठं होता?

पाववाला मच्छरदाणीत पडला होता. तापाच्या दिवसांत रुग्णाला डास चावला की तोच डास पुढे दुसऱ्याला ताप देतो, म्हणून मच्छरदाणी मीच आदल्या संध्याकाळी नेऊन दिली होती. तो म्हणाला, "मी कुठं असणार? भट्टीपुढे."

"भट्टीपुढे डास येत नाही, भाजून निघेल. आणखी कुठं?"

"कुठं नाही हो. एक दिवस दाढ काढायला गेलो, तेवढंच."

शिंपीणबाई म्हणाली, दुकान ते घर, घर ते दुकान. तिची सासू आतून ओरडली, "आणि दातवाल्याकडे दोन तास बसली होतीस ते? मी इथं पोरं सांभाळली ते नाही सांगणार!"

सुताराकडे मी सरळ तोंडावरच विचारलं, "काय हो, दात दाखवायला गेला होता का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सुतार लाजला. "कवळी आहे ते बायकोशिवाय कुणाला माहीत नाही."

दुपारपर्यंत हिशेब लागला. अकरांपैकी नऊ जणांचे दात, आणि उरलेली दोन पोरं आपापल्या आईबरोबर गेलेली. एकानंही हे आपल्या तापाच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. तापाचा आणि दातांचा संबंध कोण लावतो? आणि अंगात ताप मुरत असताना कुणीतरी आधी दात दाखवायला येऊन बसला असणार, त्याला चावलेल्या डासानं पुढचा गोंधळ घातला असणार. मला त्या रस्त्यावर उडी मारावीशी वाटली. पन्नाशी उलटली आहे म्हणून मारली नाही.

दातवाल्या डॉक्टरांचा दवाखाना मी गेल्याच आठवड्यात पाहिला होता. माशांची टाकी, फुलदाणी, मोरी, सगळं कोरडं किंवा झाकलेलं. तरी पुन्हा पाहिलं. काही नाही. मग मी थांबायच्या खोलीत उभी राहिले आणि वर पाहिलं. भिंतीत उंचावर एक झरोका, कायम उघडा. मी चपला काढल्या आणि बाकावर चढले.

"अहो बाई, खाली उतरा!" नोंदणीवाली किंचाळली. गाल सुजलेले दोन पेशंट आ वासून बघत राहिले. डॉक्टर हातमोजे घालून बाहेर आले.

"बाई, माझा दवाखाना तुम्हीच तपासलात ना?"

"तुमचा चांगला आहे, डॉक्टर. शेजारचं बघतेय."

झरोक्यातून शेजारच्या सभागृहाचं मागचं अंगण दिसत होतं. चहूबाजूंनी भिंती. खाली निळी ताडपत्री, ठिकठिकाणी फाटलेली, आणि डॉक्टरांच्या आतल्या खोलीतल्या एसीची नळी तिच्या बरोबर वर. टप. टप. टप. थेंब एका फाटलेल्या भोकात पडत होता आणि आवाज जमिनीवर पडल्याचा नव्हता, पाण्यात पडल्याचा होता.

ते सभागृह माझ्या वहीत तीन महिने 'बं' होतं. दोन भावांचं, भाड्यानं द्यायचं. भावाभावांत बिनसलं आणि दोघांनी दारावर आपापलं एकेक कुलूप ठोकलं. त्याच्याशिवाय याला जाता येत नाही, याच्याशिवाय त्याला. माझे तीन अर्ज याच दाराचे होते.

बुधवारी दहाला मी साहेबांच्या नकाशावरच्या लाल टाचण्या काढल्या, त्यांना न विचारताच, आणि अकराही एका जागी टोचल्या.

"हे काय?" साहेब उठले.

"दात," मी म्हटलं.

"दात?"

"दात, साहेब." आणि सगळं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कुलूप उघडायच्या नोटिशीवर सही केली. म्हणाले, "आत काही निघालं नाही तर मीही अडचणीत येईन, बाई." पहिल्यांदाच ते माझ्याशी माणसासारखं बोलले. नोटीस मीच दारावर चिकटवली, खळ जरा जास्तच लावून.

गुरुवारी अकराला दोघं भाऊ आले आणि दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले. गल्लीतली निम्मी माणसं जमली होती.

"आधी त्याला उघडू दे," थोरला म्हणाला.

"आधी दादानं उघडावं. थोरला तो आहे," धाकटा म्हणाला.

"मी आधी उघडलं तर हा आत शिरेल."

"मी उघडलं तर हा म्हणेल, हरला."

पाच मिनिटं हे चाललं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अकरा माणसं तापानं फणफणली आहेत आणि तुम्ही इथं मानपान करताय? लाज नाही वाटत? दोघांनी किल्ल्या लावा! मी तीन म्हटलं की एकदम फिरवायच्या. एक! दोन!"

तीन म्हणायच्या आधीच दोन्ही कुलुपं उघडली. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

आत मात्र सगळं कोरडं खडखडीत. जमिनीवर बोटभर धूळ, टाकी रिकामी, नळ बंद. साहेबांनी कोपरे पाहिले, टाकीत वाकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. अंगणाच्या दारापुढे खुर्च्यांची चळत छतापर्यंत लावलेली. "हलवा," मी म्हटलं, आणि सगळ्यात आधी मीच खुर्ची उचलली. सुताराचा भाऊ आला, डॉक्टर आले, दोघं भाऊ एकाच चळतीला दोन बाजूंनी लागले. दार उघडलं. मी ताडपत्रीचं टोक धरलं आणि ओढलं.

काचेचे पेले. समारंभात सरबत द्यायला ठेवतात ते. खोक्यांत ओळीनं उभे, तोंडं वर, शेकडो. पावसानं भरलेले, आणि मधले एसीच्या पाण्यानं भरलेलेच राहिलेले. वरून बघितलं तर नुसतं लखलखीत पाणी. मी टॉर्च मारला, आणि पाणी हललं. प्रत्येक पेल्यात अळ्या सरसर तळाशी गेल्या.

"साहेब," मी हाक मारली, "हातच्या काकणाला आरसा कशाला? या, बघा."

साहेब त्या ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. एक पेला उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. "मी अळी तक्त्यातच पाहिली होती," ते हळूच म्हणाले. त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ केलं. मग आम्ही मोजायला बसलो. तीनशे चाळीस पेले, सगळे जिवंत!

त्या दुपारी त्या अंगणात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. अंगणाच्या कडेला उन्हात तापलेल्या मातीचा पट्टा होता, त्यावर आम्ही पेला न पेला ओतला. पाववाल्याची बायको घासणी घेऊन आली, शिंपिणीची सासू आली, नोंदणीवाली आली. डॉक्टरांनी नळीला नळी जोडून एसीचं पाणी गटारात सोडलं, तेही स्वतः शिडीवर चढून. थोरला भाऊ पेले घासत होता आणि धाकटा पुसून उपडे ठेवत होता, दोघं एकमेकांशी न बोलता. मी ओरडत होते, "काठ घासा, काठ! अंडी काठाला असतात!" आणि कुणी माझा राग धरत नव्हतं. संध्याकाळी गल्लीत फवारणीही झाली.

शुक्रवारी अकराला वरिष्ठ बाईंसमोर मला उभं केलं. मी रात्रभर मनात भाषण घोकलं होतं, त्यात शिव्याच जास्त होत्या. पण मी तोंड उघडायच्या आधी तक्तेसाहेबच उठले. "मॅडम, चूक यांची नाही. बंद जागा निरंक धरायची सूचना आमच्या कार्यालयाची होती. डास ज्या जागेतून आला तिथलं कुलूप उघडा, असं यांनी तीनदा लेखी कळवलं होतं. नोटीस मी मागे घेतो."

"नुसतं बोलू नका, लिहून द्या," मी म्हटलं. साहेबांनी तिथंच लिहून सही केली. मी कागद दोनदा वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

वरिष्ठ बाई हसल्या. "खात्यानं तुमची माफी मागायला हवी. आणखी काही हवंय?"

"माफी राहू दे, बाई. मला तिसरा पर्याय हवा. आढळल्या, निरंक, आणि बंद. आणि बंद म्हटलं की नोटीस निघालीच पाहिजे."

"अशा बंद जागा शहरात किती असतील?"

साहेबांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या खुर्चीवरून टकटकताई उठली. तिचे डोळे लाल झाले होते, तीन दिवस ती सगळ्या बायकांच्या वह्या चाळत होती.

"एक हजार नऊशे सहा," ती म्हणाली.

वरिष्ठ बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारपासून उघडा. सगळ्या. काम कुणाच्या हाताखाली?"

साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

सोमवारी सकाळी आम्ही चौदा बायका रस्त्यावर उतरलो, चौदा टॉर्च, बरोबर कुलूपवाला आणि पंच. नोटीस पाहूनच निम्म्या मालकांनी किल्ल्या आणून दिल्या. पहिल्या फेरीत त्रेचाळीस दारं उघडली, अकरा ठिकाणी अळ्या सापडल्या. दर वेळी कुणीतरी आतून "सापडल्या गं!" ओरडायची आणि बाहेरच्या सगळ्याजणी जल्लोष करायच्या, जणू नवरा निवडणूक जिंकलाय. साहेब मागून यायचे आणि स्वतः पाणी ओतायचे. आधीच डास चावलेले म्हणून आणखी तिघांना ताप आला. तिघंही बरे झाले. पाववाला भट्टीवर परत उभा राहिला. एकही माणूस आम्ही गमावला नाही.

सहाव्या आठवड्यात मी बाजारात भाजी घेत होते आणि साहेबांचा फोन आला. "बाई, तुमच्या तिन्ही गल्ल्यांतून सलग एकवीस दिवस एकाही डॉक्टरनं एकही नाव कळवलेलं नाही."

मला काय झालं कुणास ठाऊक. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि भर बाजारात ओरडले, "जिंकलो!" डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि या वेळी त्याचा मला अजिबात राग आला नाही.

भाजीवाली दचकून उठली. "अगंबाई, काय झालं? कुणाला काय झालं?"

"कुणाला काहीच झालं नाही!" मी म्हटलं. "अहो, कुणालाच काही झालं नाही!"